टेनिस खेळताय? मग घरातला औषधांचा डबा आधी उघडा

डोपिंग म्हटलं की आपल्याकडं डोळ्यांसमोर येतो तो इंजेक्शनं घेऊन दंड फुगवणारा कुणीतरी. असली माणसं असतात, नाही असं नाही. पण टेनिसमधली गेल्या वीस वर्षांतली गाजलेली प्रकरणं काढून बघा. आईची गोळी, बायकोच्या ग्लासातलं उरलेलं पाणी, फिजिओच्या बोटावरचा स्प्रे, झोपेसाठी घेतलेली गोळी, ग्लुकोजची वडी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची जी मुलं आता रँकिंगच्या स्पर्धा खेळायला लागलीत, त्यांच्यापुढचा खरा धोकाही हाच आहे. सिरिंजपेक्षा खोकल्याची बाटली जास्त घात करते.

मी बेळगावच्या टिळकवाडीत मेडिकल चालवतो आणि संध्याकाळी कोर्टाच्या कडेला बसणाऱ्या पालकांपैकी एक आहे. काउंटरवर आणि कोर्टावर मला विचारले जाणारे प्रश्न तेच तेच असतात. म्हणून पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्या घरांसाठी हे क्रमानं लिहितोय.

आधी हे बघा: नियम तुम्हाला लागू आहेत का?

आहेत. बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा बरेच आधी लागू होतात.

बंदी असलेल्या औषधांची यादी ठरवते ती वाडा, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्था. तिचं मुख्यालय माँट्रियलला, स्थापना १९९९ ची. टेनिसपुरती अंमलबजावणी २०२२ पासून आयटीआयए ही टेनिसच्या सचोटीवर लक्ष ठेवणारी संस्था करते, त्याआधी आयटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ स्वतः करायचा. देशात हे काम नाडाकडं, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडं आहे आणि त्यामागं २०२२ चा राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायदा आहे. मुलानं आयटीएफ ज्युनियर किंवा त्यावरची एखादी स्पर्धा खेळली, की टेनिसचे नियम त्यानं मान्य केलेच असं धरलं जातं. नाव नोंदवताना जी बारीक अक्षरं वर सरकवून आपण ‘मान्य’ दाबतो, त्यात हेही असतं. देशांतर्गत स्पर्धेत नाडाचे लोक नमुने घ्यायला येऊ शकतात. प्रत्येक स्पर्धेत येतात असं मुळीच नाही, पण येणार नाहीत असं धरून चालू नका. धारवाडला २०२३ मध्ये आयटीएफची २५ हजार डॉलरची पुरुषांची स्पर्धा झाली. म्हणजे ही दुनिया आपल्यापासून दीड-दोन तासांवर येऊन ठेपली आहे.

सीमाभागातल्या माणसाला प्रत्येक कागदाला ‘हे इकडचं की तिकडचं’ विचारायची सवय असते. इथं तो प्रश्न नाही. नोंदणी कर्नाटकातून असो, स्पर्धा कोल्हापुरात असो, डॉक्टर मिरजेचा असो, नियम एकच.

आणि त्या नियमाचा गाभा असा: शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार खेळाडू. कुणी दिलं, का दिलं, माहीत होतं की नव्हतं, हे सगळं नंतर शिक्षा किती द्यायची हे ठरवताना बघतात. दोष आधी लागतो. ‘डॉक्टरनं लिहून दिलं होतं’ एवढ्यावर सुटका होत नाही. १६ वर्षांखालच्या मुलांना, आणि काही अटींवर १८ खालच्यांनाही, शिक्षेत सवलत आहे. नियमातून सूट मात्र कुणालाच नाही.

२०२४ मध्ये भारतात ७ हजारांवर नमुने तपासले गेले, त्यांत २६० सदोष निघाले. जगात हे प्रमाण सर्वांत वाईट देशांच्या रांगेत बसतं. त्यातले किती मुद्दाम घेणारे आणि किती न वाचणारे हे आकड्यातून कळत नाही, पण औषध कसं विकलं जातं आणि कसं घेतलं जातं हे रोज काउंटरमागून बघणाऱ्या मला दुसऱ्या गटाची काळजी जास्त वाटते.

गोळीची पट्टी वाचायला शिका

कुठलीही पट्टी हातात घ्या. पुढं मोठ्या अक्षरांत ब्रँडचं नाव. ते विसरा. त्याच्या आसपास किंवा मागं बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेले असतात. प्रत्येक गोळीत काय काय किती आहे, ते. आम्ही त्याला सॉल्ट म्हणतो. यादीत ब्रँड नसतात, सॉल्ट असतात. मेडिकलवाल्यानं पट्टी कापून सहा गोळ्या दिल्या आणि ती बारीक अक्षरं कापलेल्या अर्ध्या भागात राहिली, असं रोज होतं. म्हणून दुकानातच अख्ख्या पट्टीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. बिलही घ्या. आमच्यातले काही जण बिल द्यायला कुरकुर करतात, तरी मागून घ्या. पुढं कधी लागलंच तर हाच कागद तुमच्या बाजूनं बोलेल.

मग तो सॉल्ट नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ या ॲपमध्ये घालून बघा. ‘ग्लोबल डीआरओ’ नावाचं संकेतस्थळही चांगलं आहे, पण तिथले ब्रँड परदेशातले, त्यामुळं तिथं ब्रँड न घालता सॉल्टच टाका. उत्तराचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. उत्तर देताना ॲप दोन गोष्टी वेगळ्या सांगतं: स्पर्धेच्या काळात बंदी आहे का, आणि स्पर्धेबाहेर आहे का. स्पर्धेचा काळ आदल्या रात्री ११:५९ ला सुरू होतो आणि स्पर्धा संपून नमुना देऊन होईपर्यंत चालतो. काही औषधं फक्त याच काळात चालत नाहीत, पण शरीरातून जायला त्यांना दिवस लागतात. म्हणून ‘मॅच सोमवारी आहे, शुक्रवारी घेतली तर काय होतंय’ हा हिशेब अंदाजानं करायचा नसतो.

साध्या तापाची पॅरासिटामॉल, दुखण्यावरची आयबुप्रोफेन यांवर बंदी नाही. चहा-कॉफीवरही नाही. तंबाखूतलं निकोटिन सुद्धा बंदीच्या यादीत नाही, फक्त देखरेखीखाली आहे. निपाणीकरांनी याचा आनंद मानू नये, दम लागायचा तो लागतोच.

आपल्या घरांत हमखास सापडणाऱ्या गोष्टी

इथं जरा थांबून वाचा, कारण आपल्याकडची अडचण इथंच आहे.

खोकल्याचं औषध. ‘काका, स्ट्राँगपैकी द्या की, उद्या मॅच हाय,’ हे वाक्य पावसाळ्यात आठवड्याला एकदा तरी ऐकतो. आपल्याकडच्या बऱ्याच खोकल्याच्या सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं. छाती मोकळी करणारं साधं औषध, पण स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर दोन्हीकडं बंदी. क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या नमुन्यात २०१९ च्या फेब्रुवारीत हेच सापडलं. खोकल्याचं औषध घेतलं होतं हे बीसीसीआयनं मान्य केलं, तरी आठ महिने बंदी झालीच. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिनही स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेपलीकडं चालत नाही.

दमा. सॅल्ब्युटामॉलचा इनहेलर चालतो, पण मर्यादेत: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. एका पफमध्ये १०० असतील तर दिवसाला १६ आणि आठ तासांत ६. तेच सॅल्ब्युटामॉल गोळीतून किंवा सिरपमधून घेतलं की बंदी. नेब्युलायझरनं मात्रा चटकन वर जाते, त्यामुळं तो लागणाऱ्या मुलासाठी आधीच परवानगी काढा. बेळगावचा जुलै-ऑगस्ट ज्यानं काढलाय त्याला हा परिच्छेद का लिहिला हे सांगायला नको.

सलाईन. हा आपला खास रोग. पोरगं उन्हात दोन मॅच खेळून आलं, चेहरा उतरला, की घरचे म्हणणार, ‘एक सलाईन लावून आणूया, तरतरी येईल.’ गल्लीतल्या दवाखान्यात अर्ध्या लिटरची बाटली चढते, त्यात एक पिवळं व्हिटॅमिनचं इंजेक्शन. नियम असा आहे की १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त काहीही शिरेतून घ्यायचं नाही. आत मीठपाणी आहे की व्हिटॅमिन, याला महत्त्व नाही. पद्धतीवरच बंदी आहे. सूट फक्त रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया आणि तपासणीसाठी लागणाऱ्या प्रक्रियांना. ऑस्ट्रेलियाचा मॅक्स पर्सेल, ग्रँड स्लॅम दुहेरी जिंकलेला खेळाडू, व्हिटॅमिनच्या अशाच बाटल्यांमुळं १८ महिने बाहेर बसला. मुलाला खरोखरच जुलाब-उलट्यांनी पाणी कमी पडलं असेल तर जीव आधी. मोठ्या रुग्णालयात दाखल करा, सगळे कागद घ्या आणि नंतर परवानगीचा अर्ज करा. नुसत्या थकव्यासाठी ओआरएस, लिंबू सरबत, ताक आणि झोप.

स्टेरॉइड. या शब्दाचा अर्थ आपण फक्त दंडाशी जोडतो. पण सांधेदुखीला, ॲलर्जीला, दम्याला, पित्त उठलं तर, डॉक्टर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन लिहितात. खेड्यातले काही डॉक्टर ‘लवकर बरं वाटावं’ म्हणून तापातही देतात, आणि अनेकदा सुट्ट्या गोळ्या पुडीत बांधून. पोटात घेतलेलं आणि टोचलेलं असं स्टेरॉइड स्पर्धेच्या काळात चालत नाही. नाकातला स्प्रे, इनहेलर आणि त्वचेवरचं मलम नेहमीच्या मात्रेत चालतं. टेनिस एल्बोसाठी हाडांचे डॉक्टर कोपरात जे इंजेक्शन मारतात, त्यात बहुधा ट्रायम्सिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन असतं. वाडाच्या तक्त्याप्रमाणं सांध्यात किंवा स्नायुबंधाजवळ मारलेलं ट्रायम्सिनोलोन स्पर्धेआधी १० दिवस थांबायला लावतं, बाकीची बरीचशी ३ दिवस. हेच ट्रायम्सिनोलोन कमरेच्या स्नायूत टोचलं तर ६० दिवस. तेव्हा इंजेक्शन टोचण्याआधी नाव विचारा आणि रिकामी बाटली मागून घ्या.

पुडीतल्या सुट्ट्या गोळ्या खेळणाऱ्या मुलाला देऊच नका. नाव माहीत नसलेली गोळी म्हणजे तुमच्या हातात उत्तर नसलेला प्रश्न.

आजी-आजोबांचा डबा. छातीत दुखण्यावर आपल्याकडं ट्रायमेटाझिडिन सर्रास लिहिलं जातं. पोलंडची इगा श्वियाँतेक २०२४ मध्ये याच औषधाच्या अंशामुळं एक महिना निलंबित झाली. तिनं झोपेसाठी घेतलेल्या मेलाटोनिनच्या गोळ्यांत कारखान्यातच त्याची भेसळ झाली होती, हे तपासात सिद्ध झालं. ब्लडप्रेशरच्या अनेक गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, लघवी वाढवणारं. इतर औषधांच्या खुणा ते लपवू शकतं म्हणून त्यावरही कायम बंदी. स्तनांच्या कर्करोगावर आणि मूल होण्यासाठीच्या उपचारांत वापरतात ते लेट्रोझोल इटलीच्या सारा एर्रानीच्या नमुन्यात सापडलं होतं. ते तिच्या आईचं औषध, स्वयंपाकघरात अन्नात गेलं असावं असा बचाव तिनं मांडला. बंदी आधी दोन महिने, नंतर वरच्या लवादानं दहा महिने केली. अर्जेंटिनाचा मारियानो पुएर्ता २००५ ची फ्रेंच ओपनची अंतिम फेरी खेळला आणि नमुन्यात एटिलेफ्रिन निघालं. बायकोच्या औषधाचा अंश राहिलेल्या ग्लासातून तो पाणी प्यायला, हे लवादानं मानलं, तरी दोन वर्षं गेलीच.

उपाय साधा आहे. घरात दोन डबे करा. मोठ्या माणसांची औषधं वेगळ्या कपाटात, स्वयंपाकघराच्या ओट्यापासून लांब. खलबत्त्यात गोळी कुटायची सवय असेल तर तो खलबत्ता वेगळा. मुलाचा तांब्या-पेला वेगळा. एवढं बस्स.

खसखस आणि भांग. कानडी शेजारणीकडं लग्नात गसगसे पायस मिळतं, आपल्याकडंही खसखशीची खीर होते. खसखशीत मॉर्फिनचा अंश असतो आणि ते स्पर्धेच्या काळात मर्यादेपलीकडं चालत नाही. स्पर्धेच्या आठवड्यात खीर टाळा, एवढंच. शिवरात्रीच्या थंडाईचं मात्र वेगळं आहे. भांगेतलं द्रव्य चरबीत साठतं आणि लघवीत बरेच दिवस, कधी आठवडे उतरत राहतं. एखाद्या काकानं ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणत हातात पेला दिला तर पोरानं तो खाली ठेवायला शिकलं पाहिजे.

मालीश. इटलीच्या यानिक सिनरचं प्रकरण सगळ्यांना माहीत असेल. २०२४ च्या मार्चमध्ये इंडियन वेल्सला त्याच्या नमुन्यात क्लोस्टेबोल या बंदी असलेल्या स्टेरॉइडचा अतिसूक्ष्म अंश आला. फिजिओच्या बोटाला जखम होती, त्यावर त्यानं क्लोस्टेबोल असलेला इटलीतला स्प्रे मारला होता, आणि हातमोजे न घालता त्यानं सिनरला मालीश केली. स्वतंत्र लवादानं दोष नाही म्हटलं, वाडा अपिलात गेली, शेवटी तडजोडीत तीन महिने बंदी. मालीश करणाऱ्या काकांना विचारायचं: हाताला काय लावलंय, तेलात काय आहे? तालमीतून आलेल्या वस्तादांना हा प्रश्न उद्धट वाटू शकतो. आई-वडिलांनी विचारावा, पोरानं नव्हे.

पावडर, चूर्ण, ‘ताकदीचं’

यावर मी फार लिहित नाही, कारण माझं मत एका ओळीत मावतं: १८ वर्षांखालच्या मुलाला डब्यातल्या पावडरीची गरज नसते. दूध, अंडी, डाळ, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी, आणि मांसाहार चालत असेल तर मटण-मासे.

तरीही घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एफएसएसएआयचा क्रमांक अन्न म्हणून परवान्याचा आहे, डोपिंगच्या दृष्टीनं ती हमी नव्हे. ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ अशी खूण असलेला डबा निवडा आणि त्यावरचा बॅच क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर जुळवून बघा. जिममधून सुट्टी भरून दिलेली पावडर, ‘आमच्या सरांनी मागवलीय’ म्हणून मिळालेली पावडर, दोन्ही नको. आयुर्वेदिक आहे म्हणून निर्धोक असंही नाही. चूर्णाच्या पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर आत काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिच्या नमुन्यात सापडलेल्या, रक्त वाढवणाऱ्या रोक्साडुस्टॅटच्या प्रकरणात पूरक आहारातली भेसळच मध्यवर्ती होती. चार वर्षांची शिक्षा कॅस या क्रीडा लवादानं नऊ महिन्यांवर आणली, पण तोवर तिचं दीड वर्ष कोर्टाबाहेर गेलं होतं.

ग्लुकोजही बाहेरगावी घेताना वाचून घ्या. क्रोएशियाच्या मारिन चिलिचनं २०१३ मध्ये मोनॅकोतल्या औषधाच्या दुकानातून आईनं आणलेल्या ग्लुकोजच्या वड्या खाल्ल्या. त्यात निकेथामाइड हे उत्तेजक होतं. आवरण फ्रेंचमध्ये, आणि त्याला ते साधं जीवनसत्त्व वाटलं. शेवटी चार महिने बंदी.

डॉक्टरला काय सांगायचं

‘माझा मुलगा टेनिस खेळतो’ एवढं पुरत नाही. असं म्हणा: ‘डॉक्टर, ह्याची डोप टेस्ट होऊ शकते. वाडाच्या यादीत नसलेलं औषध द्या आणि सॉल्टचं नाव चिठ्ठीवर स्पष्ट लिहा.’ आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर हे ऐकून रागावत नाहीत. अडचण ही की त्यांना यादी पाठ नसते, आणि असायचं कारणही नाही. म्हणून ॲप तुमच्या हातात हवं. एखादा म्हणेल, ‘काही होत नाही, मी जबाबदार.’ तो मनापासून म्हणत असेल, पण बंदी त्याच्यावर येत नाही. दुसरा पर्याय नम्रपणे मागा. खोकल्याला, ॲलर्जीला, दुखण्याला चालणारे पर्याय जवळपास नेहमीच असतात.

जिथं पर्याय नसतो तिथं टीयूई, म्हणजे उपचारासाठी वापराची परवानगी. मधुमेहाचं इन्सुलिन हे ठळक उदाहरण. ते यादीत आहे, तरीही अलेक्झांडर झ्वेरेव्ह लहानपणापासूनच्या मधुमेहासह जगातल्या पहिल्या खेळाडूंत खेळतो. अर्ज आंतरराष्ट्रीय पातळीच्या खेळाडूनं आयटीआयएकडं, देशपातळीवरच्यानं नाडाकडं करायचा, स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी. सोबत डॉक्टरचं पत्र, निदान कशावरून केलं ते रिपोर्ट, आधी काय उपचार झाले आणि चालणारं औषध का पुरत नाही याचं स्पष्टीकरण. नुसती चिठ्ठी जोडली तर अर्ज परत येतो. अपघात किंवा तातडीच्या उपचारात आधी उपचार, अर्ज नंतर, अशीही सोय आहे. बेळगाव, कोल्हापूर, मिरज असे तिन्हीकडं दाखवणाऱ्या घरांनी फाइल एकच ठेवावी. तिन्ही डॉक्टरांची औषधं एकत्र कुणीच बघत नाही, ती तुम्हीच बघायची.

नमुना मागितला, मग?

मॅच संपते, हात मिळवून पोरगं बाहेर येतं, आणि ओळखपत्र घातलेला माणूस पुढं येऊन सांगतो: तुझी निवड झाली आहे. या क्षणापासून तो माणूस सावलीसारखा बरोबर राहतो. ओळखपत्र बघायला मागा, तो हक्क आहे. मग सही करा. पुढची मॅच, बक्षीस समारंभ, उपचार, अंग थंड करणं यासाठी वेळ मागता येतो, पण त्याच्या नजरेसमोर राहून. नाही म्हणायचं नाही, टाळायचं नाही. सर्बियाचा व्हिक्टर त्रोइच्की २०१३ मध्ये मोंटे कार्लोत लघवीचा नमुना देऊन बसला, पण बरं वाटत नाही, सुईची भीती वाटते म्हणून रक्त दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दिलेलं रक्त निर्दोष निघालं. तरी एक वर्ष बंदी, आणि तीही अपिलात कमी होऊन.

खोलीत फक्त सीलबंद बाटलीतलं पाणी प्या, तेही घटाघटा नको. फार पातळ लघवी चालत नाही, मग दुसरा नमुना देईपर्यंत बसून राहावं लागतं. किमान ९० मिलिलिटर लागते. भांडं आणि बाटल्यांचा संच खेळाडूनं स्वतः निवडायचा, सील तुटलेलं नाही ना बघायचं, झाकणावरचे आणि बाटलीवरचे क्रमांक जुळवायचे. ए आणि बी अशा दोन बाटल्यांत ओतायचं तेही स्वतःच.

एक गोष्ट मुलींच्या आयांनी घरी आधीच बोलून ठेवायला हवी. नमुना देताना एक साक्षीदार समोर असतो, आणि त्याला लघवी शरीरातून भांड्यात जाताना दिसायला हवी असते. कपडे छातीपर्यंत वर आणि गुडघ्यापर्यंत खाली करावे लागतात. मुलींसाठी साक्षीदार बाईच असते. अल्पवयीन खेळाडूला आपला माणूस सोबत नेता येतो. तो साक्षीदारावर लक्ष ठेवतो, मुलीकडं त्यानं बघायचं नसतं. हे पहिल्यांदा तिथंच कळलं तर चौदा वर्षांची मुलगी रडकुंडीला येते. चांगल्या घरातली, लाजरी मुलगी तर हमखास. आधी माहीत असेल तर पाच मिनिटांचं काम.

शेवटी फॉर्म. गेल्या ७ दिवसांत घेतलेलं सगळं लिहायचं: गोळी, सिरप, बाम, पावडर, काढा. ‘किरकोळ आहे’ म्हणून काही सोडू नका. तिथं न लिहिलेली गोष्ट महिन्यानंतर आठवली तर तिची किंमत राहत नाही. प्रक्रियेत काही खटकलं असेल तर शेऱ्याच्या रकान्यात लिहा. भाषा समजत नसेल तर दुभाषा मागता येतो. आमच्या बऱ्याच मुलांचं इंग्रजी वाचण्यापुरतं असतं, बोलताना अडखळतात, त्यांनी हा हक्क संकोचानं सोडू नये. फॉर्मची आपली प्रत घेतल्याशिवाय खोली सोडायची नाही. नमुना दहा वर्षांपर्यंत ठेवून नव्यानं तपासता येतो, तेव्हा प्रतही तेवढी जपा.

ठावठिकाणा

नव्या खेळाडूला हे बहुधा लागू नसतं. वरच्या गटात नाव गेलं की पत्र येतं आणि मग दर तिमाहीला कुठं राहणार, कुठं सराव करणार हे कळवावं लागतं. शिवाय रोज पहाटे ५ ते रात्री ११ मधला एक तास, जेव्हा तुम्ही सांगितलेल्या जागी असालच. १२ महिन्यांत तीन चुका झाल्या की तो डोपिंगचाच गुन्हा, नमुना सदोष नसला तरी. स्वीडनचा मिकाएल यमर याच कारणानं १८ महिने बंद झाला आणि २०२३ मध्ये त्यानं खेळ सोडत असल्याचंच जाहीर केलं. गावी जत्रेला किंवा लग्नाला जाताना माहिती बदलायची राहते, आपल्या घरांत घसरण्याची जागा तीच असेल.

पत्र आलंच तर

ए नमुन्यात काही सापडलं की पत्र येतं, त्यात उत्तराची मुदत असते. मुदत पाळा. बी नमुना तपासून मागता येतो. प्रयोगशाळेची कागदपत्रं मागता येतात. गंभीर प्रकरणात, जिथं चार वर्षांची शिक्षा येऊ शकते, २० दिवसांत कबुली दिली तर एक वर्ष कमी होतं. पण काहीही कबूल करण्याआधी या विषयातला वकील गाठा. सही करून टाका असं सांगणारे हितचिंतक गल्लीत खूप असतात.

घरातलं काहीही फेकू नका. उरलेल्या गोळ्या, अर्धी बाटली, पावडरीचा डबा, बिलं, सगळं तसंच. श्वियाँतेकची सुटका लवकर झाली कारण दूषित गोळी कुठली हे तिला वस्तूनिशी दाखवता आलं. ‘बहुतेक ते खोकल्याचं औषध असेल’ या वाक्याला लवादापुढं वजन नसतं. त्याच बॅचची बाटली पुढं ठेवली तर असतं. मेडिकलमधून त्या बॅचची दुसरी सीलबंद बाटली मिळाली तर तीही विकत घेऊन ठेवा.

तात्पुरतं निलंबन लागलं तर स्पर्धा बंद, आणि मान्यताप्राप्त शिबिरात सरावही बंद. याबद्दल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चकार शब्द नको. तिथं लिहिलेलं कुठं वाचलं जाईल सांगता येत नाही.

यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते आणि नवी यादी १ ऑक्टोबरपर्यंत वाडाच्या संकेतस्थळावर आलेली असते. मारिया शारापोव्हा दहा वर्षं जे औषध घेत होती, ते मेल्डोनियम १ जानेवारी २०१६ ला यादीत गेलं. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात तिचा नमुना सदोष निघाला. बदलाची सूचना तिला ईमेलनं गेली होती, तिनं ती उघडून वाचली नाही. बंदी झाली दोन वर्षांची, अपिलानंतर पंधरा महिन्यांची. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत घर आवरायला काढाल, तेव्हा मुलाला चालू असलेल्या प्रत्येक औषधाचा सॉल्ट नव्या यादीशी एकदा ताडून घ्या. दमा किंवा ॲलर्जीचं औषध वर्षानुवर्षं तेच चालू असेल तर आधी तेच बघा.